टाचा दोघांच्या, नियम वेगळे

ती. आई-बाबा,
सा. न.

आई, मागच्या फोनवर तू टाचा चादरीला घासतात, धागे निघतात असं म्हणालीस आणि लगेच दुसरा विषय काढलास. मागून बाबांचा आवाज आला, "माझ्याही फाटल्यात, पण मला काही दुखत नाही." खरं सांगू, तुझ्या तक्रारीपेक्षा बाबांच्या त्या वाक्याचीच मला जास्त काळजी वाटली. फोनवर सांगत बसले तर दोघंही "हो हो, बघू" म्हणून ठेवून द्याल, म्हणून लिहूनच पाठवते. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय.

आधी आईचं. तळपायाच्या कातडीत तेल तयार करणाऱ्या ग्रंथीच नसतात, नुसत्या घामाच्या असतात. त्यामुळे तिथली कातडी स्वतःला मऊ ठेवू शकत नाही. त्यात टाचेची कातडी मुळात जाड. आपण उभं राहिलो की टाचेखालची चरबीची गादी दाबली जाऊन कडेला पसरते. कातडी मऊ असली तर तीही सोबत ताणली जाते, कोरडी आणि कडक असली तर फाटते. भेगा नेहमी टाचेच्या कडेलाच का पडतात, ते यावरून कळेल. तासन्‌तास उभं राहणं, अनवाणी फिरणं, मागून उघडी चप्पल, यांनी ते वाढतं. बंद टाचेचे, मऊ तळाचे बूट टाचेला कडेनं आधार देतात. वयाबरोबर कातडी आणखी कोरडी होत जाते, तेव्हा यात तुझं काही चुकलं असं नाही.

रात्री झोपण्यापूर्वी पाय कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेव, फार तर पंधरा. कढत पाणी नको, आणि तासभर तर नकोच; जास्त भिजवल्यानं कातडी उलट कोरडी पडते. मग वजरी हलक्या हातानं फिरव. आठवड्यातून एक-दोनदा पुरे. एका बैठकीत टाच गुळगुळीत करायचा हट्ट धरू नकोस, आणि ब्लेडनं कातडी सोलणं तर पूर्ण बंद. जास्त खरवडलेली कातडी अधिकच जाड होऊन येते. भेग खोल चिरलेली असेल, रक्त येत असेल, तर तिथं वजरी लावायचीच नाही.

पाय टिपून घेतलेस की ओलसर असतानाच क्रीम लाव. ही वेळ महत्त्वाची आहे. व्हॅसलीन स्वतः ओलावा देत नाही, आहे तो आत कोंडून ठेवतं. वाळलेल्या टाचेवर थापलं तर कोंडायला आत काही उरलेलंच नसतं. जाड झालेल्या टाचेला युरिया असलेलं क्रीम घे. (हो, खतात असतो तोच युरिया. तो आपल्या शरीरातही तयार होतो आणि कातडीत ओलावा धरून ठेवायला मदत करतो, तेव्हा नाव वाचून ट्यूब परत ठेवू नकोस.) रोजच्यासाठी 10 टक्के चालतं, फार जाड कातडीला 20 ते 25 टक्के. त्याहून तीव्र हवं असेल तर डॉक्टरांना विचारूनच. उघड्या भेगेवर मात्र युरिया चांगलाच झोंबतो. म्हणून आधी काही दिवस नुसतं व्हॅसलीन लावून भेग मिटू दे, मग युरिया सुरू कर.

क्रीमवर सुती मोजे घाल. पण एक गोष्ट मी मोठ्या आवाजात सांगतेय असं समज: क्रीम पलंगावर बसून, सगळी कामं आटोपल्यावर, बाथरूमला जाऊन आल्यावरच लावायचं. क्रीम लावलेला पाय फरशीवर सटकतो, मोजे घातलेलाही सटकतो. टाच बरी करताना खुब्याचं हाड मोडून घ्यायचं नाहीये. रात्री उठावं लागलंच तर न घसरणारी चप्पल पलंगाशी ठेव.

फरक दिसायला काही आठवडे लागतील. नंतरही क्रीम सोडायचं नाही, नाहीतर पहिले पाढे पंचावन्न. महिनाभर नेमानं करूनही काही फरक पडला नाही, किंवा खाज सुटते, तळव्याच्या रेषांत पिठासारखं पांढरं दिसतं, बोटांच्या बेचक्यांत कातडी सुटते, नखं जाड-पिवळी झालीत असं दिसलं, तर तो नुसता कोरडेपणा नसून बुरशीचा संसर्ग असू शकतो. तो क्रीम-व्हॅसलीननं जात नाही, त्याला वेगळं औषध लागतं. घरात पडलेली खाजेची ट्यूब लावून बघू नकोस. तिच्यात स्टेरॉइड असलं तर वरवर बरं वाटतं आणि आत बुरशी पसरत जाते. पायांबरोबर सगळंच अंग कोरडं पडत असेल, थकवा वाटत असेल, तर थायरॉइडची तपासणीही करून घे.

बाबा, आता तुम्ही. वर आईला सांगितलेलं बहुतेक तुम्हाला लागू नाही. तुम्हाला इतकी वर्षं डायबेटिस आहे. त्यानं पायाच्या नसा हळूहळू बधिर होतात. म्हणून भेग पडूनही दुखत नाही, ही चांगली खूण नव्हे. घाम आणणाऱ्या नसाही त्यातच बिघडतात. घाम कमी झाला की तळपाय सुकतो आणि आणखी फाटतो. भेगेतून जंतू आत शिरले तरी तुम्हाला कळणार नाही, आणि साखर वाढलेली असली तर जखम भरायलाही वेळ लागतो.

तेव्हा तुम्हाला पाय भिजवत ठेवणं नाही, वजरी नाही, भोवरीच्या पट्ट्या आणि सॅलिसिलिक ॲसिडची औषधंही नाहीत. पाय धुवा, नीट टिपा, क्रीम टाचेला आणि तळव्याला लावा, बोटांच्या मधे लावू नका. तिथं ओल राहिली की बुरशी धरते. घरातही अनवाणी फिरू नका. बूट घालण्याआधी आत हात फिरवून खडा वगैरे नाही ना ते बघा. रोज रात्री तळपाय आरशात बघा, वाकता येत नसेल तर आईला दाखवा. लाली, सूज, गरमपणा, पू, वास, काळेपणा यांतलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं.

भेगा तर आहेतच, त्यामुळे या आठवड्यात जाऊनच या. मोजे काढून पाय दाखवा, नुसतं साखरेचा रिपोर्ट पुढे करून परतू नका. बारीक दोरा तळव्याला टेकवून संवेदना बघायची एक साधी तपासणी असते, तिच्यात अजिबात दुखत नाही. ती वर्षातून एकदा तरी करायची असते. झाली नसेल तर त्यांना करायला सांगा. आई, तूही सोबत जा आणि आत जाऊन बस, बाहेर नको.

क्रीमच्या ट्यूबवरचे टक्के बारीक अक्षरात असतात. वाचता आले नाहीत तर फोटो पाठव, मी बघून सांगते.

तुमची,
लेक