वर्षभर खरेदी नाही म्हणालीस, त्यावर

दांडिया बाजार, वडोदरा

प्रिय मनू,
अनेक आशीर्वाद.

वर्षभर नवीन काही विकत घ्यायचं नाही असं तू ठरवलंस, हे वाचून मला फार बरं वाटलं. बाबांनी तर तुझा मेसेज मला दोनदा वाचायला लावला. फोनवर हे सगळं बोलले असते, पण फोनवर तू नुसती ‘हो आई, हो आई’ म्हणतेस आणि मागून कुणीतरी तुला मीटिंगला हाक मारत असतं. म्हणून लिहायला बसले. मी जन्मभर कापडाचंच शिकले आणि शिकवलं, तेव्हा माझं निम्मं बोलणं कपड्यांवरच असणार, हे धरून चाल.

आधी त्या पिशव्यांचं. दाराशी बांधून ठेवलेल्या कपड्यांच्या पिशव्यांचा फोटो पाठवलास आणि खाली लिहिलंस, ‘हे सगळं देऊन टाकणार.’ थोडी थांब. कपडे दिले की आपल्याला मोकळं वाटतं, पण ते पुढे कुठे जातात ते कुणी विचारत नाही. पानिपतला जुन्या कपड्यांपासून सूत काढून स्वस्त ब्लँकेटं विणायचा मोठा उद्योग आहे, जगभरातले टाकलेले कपडे तिथं येऊन पडतात. लोकर असेल, निव्वळ सुती असेल तर त्याचं पुढे काहीतरी होतं. पण तुझ्या टॉपांच्या लेबलांवर सुती, पॉलिएस्टर आणि इलॅस्टेन (रबरासारखा ताणणारा धागा) अशी तिन्ही नावं एकत्र दिसतात. तसं मिसळलेलं कापड पुन्हा वेगळं करणं फार अवघड. बहुतेकदा ते शेवटी जाळलं जातं, नाहीतर कचऱ्याच्या डोंगरावर जातं.

माझ्या लहानपणी दुपारच्या वेळी गल्लीत बोहारीण यायची. जुन्या लुगड्यावर पातेलं मिळणार की नुसतीच वाटी, यावर तुझ्या आजीची आणि तिची घासाघीस चालायची. बोहारीण प्रत्येक कापड उजेडाकडे धरून बघायची, दोन्ही हातांनी ताणायची, काठ चुरगाळून सोडायची. विरलेलं कापड ती बाजूला सारायची, कितीही आग्रह करा. तिच्यासारखी कापडाची पारख मी पुढे वर्गातसुद्धा क्वचित पाहिली. तू त्या पिशव्या सोड आणि एकेक कपडा तिच्यासारखा बघ. जो धड आहे तो घाल. एका सुती टी-शर्टमागे कापसापासून रंगाईपर्यंत सुमारे २,७०० लिटर पाणी लागतं असं सांगतात. एका माणसाला अडीच वर्षं प्यायला पुरेल एवढं ते पाणी आहे. ते खर्च होऊन गेलं, टी-शर्ट देऊन टाकल्यानं परत येत नाही. तो फाटेपर्यंत वापरणं एवढंच आता आपल्या हातात आहे.

आणि मनू, जाळीच्या टोपल्या, लेबलं लावलेले डबे, एकाच रंगाचे हँगर यातलं काही मागवू नकोस. घर मोकळं करायचं सामान विकणारा बाजार आता वेगळा उभा राहिला आहे, आणि त्याचं गिऱ्हाईक नेमकं तुझ्यासारखं, नुकतंच ठरवलेलं माणूस असतं.

कपडे टिकवायचे कसे, हे मला जरा सविस्तर सांगू दे, कारण याबाबत आजूबाजूला फार अज्ञान दिसतं. तुझ्या मऊ टॉपांवर ज्या बारीक गुठळ्या येतात ना, त्या कापड जुनं झालं म्हणून येत नाहीत. घासल्यानं धाग्याची टोकं सुटतात आणि गुंता होतो. निव्वळ सुती कापडात तो गुंता गळून पडतो. पॉलिएस्टर मिसळलेलं असेल तर त्याचा चिवट धागा गुठळीला धरून ठेवतो. म्हणून असे कपडे उलटे करून, गार पाण्यात, कमी वेळ धुवायचे. जीन्समधलं इलॅस्टेन उष्णतेनं मरतं आणि मग गुडघ्याशी पिशव्या लोंबतात, तेव्हा तिला ड्रायर नको, सावलीतली दोरी बरी. आणि प्रत्येक वेळी घातलेला कपडा धुवायलाच हवा असं नाही. बंगळूरच्या हवेत तर मुळीच नाही. पॉलिएस्टर प्रत्येक धुण्यात बारीक तंतू सोडतं, ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण पाण्याबरोबर नदीत जातात.

वर्ष सरल्यावर कधी घ्यावंच लागलं, तर कपडा आधी उलटा करून बघ. बाजूच्या शिवणीत माया, म्हणजे आत सोडलेलं जादा कापड, किती ठेवली आहे? तुझ्या लग्नाच्या ब्लाउजांना आपल्या रावपुऱ्यातल्या शिंप्यानं दोन्ही बाजूंना बोटभर माया ठेवली होती, म्हणून ते आजही तुला होतात. तयार कपड्यांत कापड वाचवायला ती जेमतेम ठेवतात, वर कडेनं ओव्हरलॉकची शिलाई मारून टाकतात. म्हणजे अंग जरा भरलं की कपडा बाद. चौकडीचं कापड असेल तर शिवणीवर चौकड्या जुळतात का बघ. ज्यानं तेवढी काळजी घेतली, त्यानं बाकीचीही घेतलेली असते.

आता मला खरं जे सांगायचं आहे ते. तू हे व्रत एकटीनं करायला निघाली आहेस, आणि मला काळजी वाटते ती त्याची. कमी वस्तूंत राहायचं तर माणसं जास्त लागतात. तुझ्या आजीच्या वाड्यात एकच पुरणयंत्र होतं, चकलीचा मोठा सोऱ्या एक, उंच शिडी एक. होळीला पुरणयंत्र सकाळी वरच्या मजल्यावर आणि दुपारी समोरच्या गुजराती मासींकडे असायचं, त्या पुरणपोळीला वेढमी म्हणतात एवढाच फरक. परत येताना त्यात कधी मूठभर शेंगदाणे असायचे, कधी सुखडीचा तुकडा, कारण आणलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही हा दोन्ही घरांचा रिवाज. त्या एका यंत्रावर सहा घरांचं पुरण वाटलं जायचं, आणि ते बिघडलं तर कुणाकडे न्यायचं हे सहाही घरांना ठाऊक होतं. तुमच्या सोसायटीत शंभरावर फ्लॅट आहेत. प्रत्येकाकडे ड्रिल मशीन असेल, आणि भिंतीला भोक पाडायची वेळ वर्षातून एकदा येत असेल. मागायला संकोच वाटतो, म्हणून प्रत्येकजण विकत घेतो. हा संकोच मोडणं हेच तुझ्या वर्षातलं मोठं काम आहे असं मला वाटतं. न घेणं त्याच्यापुढे सोपं आहे.

याचं सर्वांत मोठं उदाहरण तू ज्या गावात वाढलीस तिथंच आहे. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मग प्रश्न आला, शिकलेल्या लोकांनी वाचायचं काय? घरोघरी पुस्तकं विकत घेण्याइतका पैसा कुणाकडे होता? १९१० साली महाराजांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन नावाच्या ग्रंथपालांना बोलावलं, राजवाड्यातला आपला संग्रह देऊन टाकला आणि मध्यवर्ती ग्रंथालय उभं केलं. गावागावांत ग्रंथालयं निघाली. जिथं ती नव्हती तिथं पुस्तकांनी भरलेल्या पेट्या फिरत जायच्या. एक पेटी वाचून झाली की पुढच्या गावाला. शाळकरी वयातले विनोबा भावे याच मध्यवर्ती ग्रंथालयात बसून वाचत. तुला मी मांडवीजवळ तिथं घेऊन जायचे तेव्हा काचेच्या जाड फरशीवर पाय ठेवायला तू घाबरायचीस, कारण खालच्या मजल्यावरचा माणूस दिसायचा. खालच्या कपाटांपर्यंत उजेड पोचावा म्हणून ती काच आहे. एका संस्थानानं आपल्या प्रजेला पुस्तकं विकत न घेता वाचायला शिकवलं, हे मला आजही थोर वाटतं. बंगळूरला कब्बन पार्कमध्ये लाल इमारतीत राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, तिथं जाऊन सभासद हो. पुस्तकांची खरेदी तुझ्या यादीत सगळ्यांत वर आहे, हे मला माहीत आहे.

वाचवलेल्या पैशातला थोडा हातानं काम करणाऱ्यांवर खर्च कर. रफूवाला, मोची, कुकरचं रबर आणि शिट्टी बदलून देणारा, शिवणयंत्र दुरुस्त करणारा. चपलेचा अंगठा शिवून घ्यायला साठ रुपये मागितले तर ‘नवी दोनशेला मिळते’ म्हणू नकोस, साठ देऊन ये. आपणच त्यांच्याकडे जायचं बंद केलं तर उद्या दुरुस्ती करायला माणूस उरणार नाही, आणि मग कुणी कितीही ठरवलं तरी नवीन घेण्यावाचून इलाज राहणार नाही. फोनचंही तेच. २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निघाला, आणि त्यातल्या पाव हिश्श्याचाही नीट पुनर्वापर झाल्याची नोंद नाही. तुझ्या फोनची फक्त बॅटरी थकली आहे. बॅटरी बदलून घे.

पैशाचं थोडक्यात, कारण ते तुला माझ्याहून जास्त कळतं. ‘नो कॉस्ट ईएमआय’ बिनव्याजी नसतो. शून्य टक्के व्याजाच्या योजनांना रिझर्व्ह बँकेनं २०१३ सालीच मनाई केली. आता विकणारा व्याजाएवढी सूट दाखवतो, बँक व्याज लावतेच, त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुझ्या माथी येतो आणि वर प्रक्रिया शुल्क. खरेदीच्या ॲपवर खोटंच ‘फक्त २ शिल्लक’, दहा मिनिटांचं खोटं उलटं घड्याळ, न मागता टोपलीत पडलेली वस्तू, यांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२३ मध्ये बंदी घातलेली आहे. अशा १३ युक्त्यांची यादीच त्यांनी काढली आहे. ती एकदा वाच. आपला मोह हा आपला दुबळेपणा आहे असं तुला वाटतं, पण त्यातला बराचसा कुणीतरी पगार घेऊन घडवलेला असतो, हे कळलं की स्वतःवरचा राग कमी होतो. आणि ॲपमधून कार्डाचा नंबर काढून टाक. दर वेळी सोळा आकडे टाइप करायला लागू देत.

नवरात्राचं तू विचारलंस. गरबा सोडू नकोस गं! नऊ रात्री नऊ चणिया-चोळ्या हव्यात हे खूळ अलीकडचं. इथं पुष्कळ मुली एकच घागरा ठेवतात आणि ओढणी, चोळी मैत्रिणींत फिरवतात. भाड्यानंही चांगल्या मिळतात. तुझी ती आरसेकामाची काळी चणिया मी मलमलीत बांधून ठेवली आहे, आरसे एकमेकांवर घासू नयेत म्हणून मध्ये कागद घालून. घेर आहे, उंचीला दुमड आहे, अजून बरीच वर्षं जाईल.

आणि संक्रांतीचं वाण. लग्न झाल्यापासून तुझ्याकडेही प्लॅस्टिकचे डबे, वाट्या, गाळण्या साठत चालल्या असतील. आमच्या मंडळात यावर बरीच वादावादी झाली. काहीजणींना वाटलं, वस्तू नाही दिली तर वाण कसलं? शेवटी संपणारं काहीतरी द्यायचं ठरलं. कुणी वाती वळून दिल्या, कुणी गूळ, कुणी हळकुंडं, एकीनं कढीपत्त्याची रोपं. सगळ्या ते आनंदानं घेऊन गेल्या. पण हे ठरलं ते चर्चेनं. तू सासरी एकदम ‘मी वाण घेत नाही’ असं म्हणू नकोस. दिलेलं घे, आणि तुझी पाळी येईल तेव्हा तू वाती दे. घरातल्या दुसऱ्या माणसांच्या खरेदीवरही बोलू नकोस, जावईबापूंच्या बुटांवर तर नाहीच. व्रत तुझं आहे.

काही गोष्टींना नियमातून सूट ठेव. चष्म्याचा नंबर बदलला तर चष्मा, पाठ दुखत असेल तर गादी, धड चालता येईल असे बूट. शरीराला लागणाऱ्या गोष्टींत काटकसर करून मिरवणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, त्यांचे गुडघे पुढे बोलतात.

दिवाळीला येशील तेव्हा ज्या कपड्यांचं काही ना काही उसवलं आहे, काज सुटलं आहे, चेन अडकते आहे, ते सगळे एका पिशवीत घालून आण. यंत्राला तेल घालून ठेवते. चेन बदलायला आणि काज करायला तुला शिकवीन, बटण तर तुला येतंच. आणि तोवर शेजारच्या फ्लॅटमधल्या त्या बाईंना ड्रिल मशीन मागून बघ, पडद्याची दांडी अजून लावायची राहिली आहे ना? परत करताना बरोबर काय पाठवलंस ते मला कळव.

बाबांचे आशीर्वाद.

तुझी,
आई