जबडा सोडायला शिकवलंत, त्याबद्दल

ती. बाईंस,
सा. न. वि. वि.

पत्र मुद्दाम उघड लिहितेय. समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "चला, शवासन" म्हणून विषयच मिटवता.

2016 च्या पावसाळ्यात तुमच्या योगवर्गाला आले ती कंबर धरून. बँकेत काउंटरवर बसून बसून तिचं लाकूड झालं होतं. देवळामागचा सभामंडप, विटक्या सतरंज्या आणि फी नाही. खरं सांगते, फी नाही हे ऐकूनच आले. अध्यात्म वगैरे मला नको होतं, कंबर तेवढी सुटायला हवी होती.

तिसऱ्या आठवड्यातलं पश्चिमोत्तानासन तुम्हाला आठवायचं कारण नाही, मला मात्र लख्ख आठवतं. पायाचा अंगठा हाताला लागावा म्हणून मी जीव काढत होते. शेजारची कॉलेजातली पोर कपाळ गुडघ्याला टेकवून निवांत पडलेली, ते बघून तर मी इरेलाच पेटले. तुम्ही मागे येऊन उभ्या राहिलात. मला वाटलं, आता पाठीवर दाब देणार. तुम्ही दोन बोटं माझ्या जबड्याला लावलीत. "पायाचं राहू दे. हा कशाला आवळलाय?"

दात घट्ट दाबलेत याचा मला पत्ताच नव्हता. ते सुटले तसे खांदे उतरले, श्वास पोटापर्यंत गेला. अंगठा लागला नाहीच. "झालं आसन," म्हणून तुम्ही पुढच्या सतरंजीकडे गेलात.

मग रविवारी पतंजलींची सूत्रं काढून बसायचात. पाठभेदाप्रमाणे 195 किंवा 196 सूत्रं, आणि आसनावर थेट बोलणारी तीनच! हे ऐकून मी हबकलेच होते. 'स्थिरसुखमासनम्' भिंतीवरच्या तक्त्यावर होतंच. पण तुम्ही थांबायचात त्याच्या पुढच्या सूत्रापाशी. प्रयत्न सैल पडावा आणि चित्त अनंतात मिसळावं, तेव्हा आसन साधतं. तिसऱ्यात त्याचं फळ: मग द्वंद्वांचे तडाखे बसत नाहीत. द्वंद्व म्हणजे काय, असं विचारल्यावर तुम्ही वर बोट दाखवलंत. वीज गेली होती, पंखा बंद. "हा लागला तरी बसायचं, नाही लागला तरी बसायचं."

एक राग मात्र मी बरेच दिवस धरून होते, तोही आज सांगून टाकते. 2018 च्या 21 जूनला योग दिनाच्या कार्यक्रमात मला स्टेजवर शीर्षासन दाखवायचं होतं. घरी सगळ्यांना सांगूनही ठेवलं होतं. तुम्ही मला चपला सांभाळायला उभं केलंत. दोनशे जोड, पावसाचा चिखल आणि मी. त्यानंतर चार दिवस वर्गाला आले नाही. परत आले तेव्हा तुम्ही एवढंच विचारलंत, "आठ अंगांत आसन कितवं?" तिसरं. आधी यम, नियम, म्हणजे वागण्याची शिस्त. उशिरा येणाऱ्यालाही तुम्ही अस्तेयच ऐकवायचात: बाकीच्यांची पाच मिनिटं चोरलीस. आणि गुडघा दुखत असताना पद्मासनाचा हट्ट धरणारीला अहिंसा. एरवी यम-नियम म्हणजे पाठ करायची यादी वाटते, तुम्ही ते दाराबाहेरच्या चपलांपासून सुरू केलेत.

योग म्हणजे जोडणं, असं मीही सगळ्यांना सांगत असे. तुम्ही गीतेचा सहावा अध्याय उघडून दाखवलात: 'दुःखसंयोगवियोगं योगसंज्ञितम्'. दुःखाशी जडलेलं नातं तुटणं, याचं नाव योग. इथे तर चक्क वियोगालाच योग म्हटलंय! त्या दिवशी घरी जाताना भाजी घ्यायची विसरले.

बाई, हे सगळं पचलंय असा दावा नाही. चित्तवृत्तींचा निरोध, म्हणजे मनाची धावपळ थांबणं, माझ्या बाबतीत चार श्वासांपलीकडे टिकत नाही, पाचव्याला गॅस बंद केला का हे आठवतं. भावाशी घराच्या वाटणीवरून चाललेला दावाही मिटलेला नाही, तारखा पडतच आहेत. पण गेल्या तारखेला कोर्टाच्या बाकावर तो समोर येऊन बसला आणि माझे दात करकचून मिटले, ते मला कळलं. आवळणारी मी आणि ते बघणारी मी, दोघी क्षणभर वेगळ्या दिसल्या. सूत्रांतला 'द्रष्टा' हाच का, ते तुम्ही सांगाल. मी जबडा सोडला. भाऊ किती वाळलाय, ते मला तेव्हा दिसलं. माझा हक्क मी सोडलेला नाही, वकीलही तोच आहे. फक्त पाणी प्यायला उठले तेव्हा बाटली त्याच्यापुढे धरली. त्याने घेतली.

कंबर अजून अधूनमधून दुखते. तिच्याबद्दल तुम्हाला विचारायचं कधीच राहून गेलं, बघा.

तुम्ही मुलाकडे गेल्यापासून किल्ली माझ्याकडे आहे. सहाला दार उघडते, सतरंज्या झटकते. गेल्या सोमवारी एक नवीन गृहस्थ आले, पोट आत घेऊन, श्वास कोंडून, हात अंगठ्याकडे ताणत. मी मागे जाऊन उभी राहिले. बोटं जबड्याला लावायचा धीर झाला नाही. नुसतं म्हटलं, "काका, दात."

तुमची,
खिडकीजवळच्या सतरंजीवरची