तळमजल्यावरच्या काकूंना

काकू, सा. न. वि. वि.

रोज जिन्यात भेटतो, तरी हे लिहूनच आणि चारचौघांत सांगायचं होतं. कारण तुमचं बोलणं मी आधी हसण्यावारी नेलं होतं.

आम्ही चौथ्या मजल्यावर राहायला आलो, त्याच आठवड्यात तुम्ही विचारलंत, "वादळाचा इशारा आला तर कुठे जाणार?" मी म्हटलं, एवढ्या उंच इमारतींच्या गर्दीत टोर्नॅडो कशाला येतोय! तुम्ही वाद घातला नाहीत. अमेरिकेतल्या दोनच शहरांची नावं घेतलीत: २००० सालचं फोर्ट वर्थ आणि २००८ सालचं अटलांटा. दोन्हीकडे तो भर शहरात शिरला होता.

मग तुम्ही आमचं घर खोली-खोली पाहिलंत आणि सगळंच नापास केलंत. न्हाणीघराला खिडकी, हॉलला तर भिंतभर काच. "वर थांबायचंच नाही. लिफ्टला हात लावायचा नाही. जिन्याने उतरून आमच्या घरातल्या मधल्या बोळात यायचं." बाहेरचा वारा आणि आपण यांच्यात जितक्या भिंती तितकं बरं, हे तुमचं गणित. दाब सारखा राहावा म्हणून खिडक्या उघड्या ठेवायच्या, हे माझं ठाम मत होतं (कुठून आलं देव जाणे). त्याने वारा आणि उडणारा राडारोडा आत येतो, शिवाय मोलाची मिनिटं जातात, हे तुमच्याकडून कळलं. काचांना चिकटपट्ट्या लावण्याचा बेतही तुम्हीच मोडलात. काच फुटायची ती फुटतेच, वर मोठाले धारदार तुकडे पडतात.

पाण्याचा हिशेब माणशी रोज ४ लिटर, निदान ३ दिवसांचा. आम्ही चौघं, म्हणजे ४८ लिटर. पलंगाखाली आता झुरळालाही जागा नाही.

पण खरे आभार बुटांचे. "उशाशी बूट ठेवा. सपाता नव्हे, बूट. आणि हेल्मेट." तुम्ही दोनदा रात्रीची तालीम करायला लावलीत. पहिल्या वेळी आईचे गुडघे आणि माझी किल्ली शोधण्यात अकरा मिनिटं गेली, तेव्हा मी मनातून तुमच्यावर वैतागलो होतो. फोन रात्री मुका ठेवायची माझी सवयही तुम्हीच सोडवलीत.

त्या रात्री अडीचला इशारा वाजला आणि आम्ही चार मिनिटांत तुमच्या दारात होतो. टोर्नॅडो आमच्या बाजूला आलाच नाही, पण नुसत्या वादळी वाऱ्याने हॉलची काच गेली. पहाटे वर आलो तर जमीनभर काचांचा सडा, आणि वीज नाही. आम्ही बूट घालून त्यावरून चालत गेलो.

आई म्हणते, पुढच्या तालमीला काकूंनी मलाही शिट्टी द्यावी. तालमीत तुम्ही दिलेली तुमची शिट्टी माझ्याकडेच राहिली आहे.

तुमचा,
चौथ्या मजल्यावरचा