सर, माझी ओळख बरोबर करून दिल्याबद्दल

नमस्कार सर,

तुम्ही धारवाडला गेलात त्याला दोन महिने होत आले. निरोपाच्या दिवशी कुंदा वाटण्यात आणि फोटो काढण्यातच सगळा वेळ गेला आणि मला जे बोलायचं होतं ते राहूनच गेलं. तोंडावर बोलायला जमलंही नसतं, म्हणून लिहिते, आणि सगळ्यांना दिसेल असं लिहिते, कारण आमच्या फिजिशियन असिस्टंट, म्हणजे पीए लाईनमधल्या (डॉक्टरांच्या हाताखाली पेशंट बघणाऱ्या) पोरापोरींनी आणि नवीन डॉक्टरांनीपण हे वाचावं असं मनापासून वाटतं.

तुमच्या हार्ट सर्जरीच्या युनिटला यायच्या आधी मी एका ठिकाणी दीड वर्ष काम केलं. तिथं मला नावच नव्हतं. "अगं ए, फाईल आण", "त्या पीएला सांग" एवढंच. आमच्या खानापूरकडं पीए म्हटलं की आमदारांचे पीएच डोळ्यासमोर येतात, माझ्या मामानं तर विचारलंसुद्धा, कुठल्या साहेबांकडं आहेस म्हणून. तीन वर्षं कॉलेज, एक वर्ष इंटर्नशिप, आणि हे ऐकायचं. पेशंट डॉक्टरबाई म्हणायचे तेव्हा मी गप्प बसायची, खरं सांगितलं तर आहे तो मानपण जाईल अशी भीती वाटायची.

तुमच्याकडं पहिल्याच राउंडला चंदगडच्या एका मामांची दुसऱ्या दिवशी बायपास होती. तुम्ही तुमच्या त्या कन्नड वळणाच्या मराठीत त्यांना म्हणालात, "हे आमचं फिजिशियन असिस्टंट. डॉक्टर नव्हे. पण उद्या तुमच्या पायातलं शीर हेच काढणार, आणि रात्री काय झालं तर पहिलं हेच येणार." डॉक्टर नव्हे म्हणालात तेव्हा मला टोचलं सर, खोटं कशाला बोलू. पण मामांनी माझ्याकडं बघून हात जोडले आणि त्या क्षणी कळलं की आपलं काम जेवढं आहे तेवढंच बरोबर सांगणारा माणूस मला पहिल्यांदा भेटलाय. त्या दिवसापासून कुणी डॉक्टरबाई म्हटलं की मी स्वतःच सांगते, मी पीए आहे, डॉक्टरांबरोबर काम करते.

रात्री लाऊंजमध्ये चहा पिताना तुम्हीच सांगितलेलं की हा पीएचा कोर्स पहिल्यांदा 1965 साली अमेरिकेत ड्यूक युनिव्हर्सिटीत डॉ. यूजीन स्टेड यांनी सुरू केला, नेव्हीत काम केलेल्या चार जणांना घेऊन, आणि आपल्याकडं 1992 मध्ये चेन्नईला डॉ. के. एम. चेरियन यांनी, तेपण हार्टच्याच हॉस्पिटलमध्ये. मला कॉलेजात हे कुणी एवढ्या आपुलकीनं सांगितलं नव्हतं. 2021 चा अलाइड हेल्थवाला, म्हणजे डॉक्टर-नर्स सोडून बाकीच्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठीचा कायदा झाला आणि त्याच्या यादीत आमचं नाव आलं, तेव्हा मोबाईल घेऊन तुम्हीच माझ्याकडं आलात, "बघ, तुझं नाव आलंय."

पण सगळ्यात जास्त आभार टाकळ्याच्या भाजीचे.

जांबोटीकडच्या त्या काकू आठवतात? हार्टचा मायट्रल व्हॉल्व्ह बदललेला, मेटलचा, म्हणजे रक्त पातळ ठेवायची गोळी कायमची आणि आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा, अडीच ते साडेतीनमध्ये राहायला पाहिजे. जुलैमध्ये आला 1.6. ज्युनिअर डॉक्टर त्यांना रागावत होते की गोळी चुकवता, व्हॉल्व्हवर गुठळी झाली म्हणजे, आणि काकू रडकुंडीला येऊन शपथ घेत होत्या. मी मागं उभी. हळूच विचारलं, "काकू, जेवणात काय असतंय हल्ली?" तर पंधरा दिवस रोज टाकळा, दोन्ही वेळेला, पावसात दुसरं मिळतंय काय म्हणाल्या. हिरव्या पालेभाजीत व्हिटॅमिन के भरपूर, गोळीचा जोर कमी होणारच. मी हे बोलायला घाबरत होते, तुमच्या लक्षात आलं, तुम्ही सगळ्यांना थांबवलंत आणि म्हणालात, "थांबा, ती काय सांगूल्या ते ऐका." मग डोस ठरवलात तुम्ही, पण फॉलोअपच्या कागदावर तुमच्या हातानं एक ओळ वाढवलीत, "पल्ये कुठलं खाल्लं?" (पल्ये म्हणजे कन्नडात भाजी). ज्युनिअर डॉक्टरांनी नंतर काकूंची माफी मागितली, तेपण मनानं चांगलेच, आता आमची दोस्ती आहे.

आणि एकदा मी चुकले तेपण लिहिते. निपाणीच्या पेशंटला फोनवर मीच गोळी अर्धी करायला सांगितली, तुम्हाला न विचारता, कारण तुम्ही ऑपरेशन थिएटरमध्ये होता आणि मला वाटलं एवढं तर येतंय मला. पेशंटला काही झालं नाही, पण तुम्ही मला केबिनमध्ये बोलावून दार लावलंत आणि चांगलं वीस मिनिटं सुनावलंत. बाहेर एक शब्द नाही, नर्सिंग स्टेशनला कुणाला पत्तापण नाही. आधीच्या ठिकाणी न केलेल्या चुकीसाठी पेशंटसमोर बोलणी खाल्लेली मी, त्या दिवशी रडले ते रागानं नाही सर. तुम्ही म्हणालात, "मी तुझ्यावर भरवसा ठेवतोय, कारण तू विचारतीस. विचारायचं बंद केलंस तर भरवसा कशावर?" तेव्हापासून रात्री दोनलासुद्धा फोन केला तरी तुम्ही कधी "एवढ्यासाठी?" म्हणाला नाहीत.

नवीन सर आलेत, चांगले आहेत. पहिल्या राउंडला मीच जाऊन माझी ओळख करून दिली, तुमच्याच शब्दांत, डॉक्टर नव्हे वगैरे सगळं. आता परत टाकळा उगवलाय, या आठवड्यात तिघांचे आयएनआर खाली आलेत, तिघांनाही मी भाजीचं विचारलं, आणि कागदावरची ओळ बघून नवीन सरांनी विचारलं की पल्ये म्हणजे काय आणि हे कुणी लिहिलंय.

आईनं तुमच्यासाठी दहा किलो तांदूळ काढून ठेवलाय, आमच्या शेतातला. पुढच्या आठवड्यात मामेभाऊ धारवाडला जाणार आहे, त्याच्याकडं देते. नको म्हणू नका.

तुमची पीए