बर्डीवरच्या दादा, आमची हार्ड डिस्क वाचवल्याबद्दल

दादा, नमस्कार.

आमच्या वाचनालयाच्या कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर एकच ओळ होती: 'बूट मॅनेजर कॉम्प्रेस्ड आहे, कंट्रोल-अल्ट-डिलीट दाबा.' (बूट मॅनेजर म्हणजे विंडोज सुरू करणारी फाइल, कॉम्प्रेस्ड म्हणजे जागा वाचवायला दाबून लहान केलेली.) आधीच्या दुकानानं ती ओळ वाचायचीही तसदी घेतली नाही. हार्ड डिस्क गेली, नवी टाका, डेटाचं विसरा, असं सांगून कोटेशन हातात ठेवलं. तुम्ही मात्र ओळ वाचलीत आणि म्हणालात, "डिस्क चांगली हाय जी, फेकू नका."

मग तुम्ही डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली, आधी वाचनालयाच्या नोंदींची कॉपी घेतली आणि बूट मॅनेजरच्या त्या एका फाइलचं कॉम्प्रेशन काढलं. बूट सेक्टरमधला, म्हणजे ड्राइव्हच्या अगदी सुरुवातीच्या भागातला, प्रोग्राम इवलासा. दाबलेली फाइल उलगडणं त्याला जमत नाही, म्हणून विंडोज ७ अडलं होतं. 'जागा वाचवून देतो' म्हणत कुणीतरी अख्ख्या सी ड्राइव्हला कॉम्प्रेशनची खूण करून गेलं होतं, त्याचे हे प्रताप!

पण आभार खरे मानायचेत ते पेन्सिलीच्या चार ओळींसाठी. त्याच कोटेशनच्या कोऱ्या बाजूवर, ड्राइव्ह कॉम्प्रेस्ड आहे का हे आमचं आम्हाला तपासता यावं, म्हणून तुम्ही लिहून दिलंत. ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये जनरल टॅबवर खाली 'कॉम्प्रेस धिस ड्राइव्ह'चा चौकोन पाहा. पण तेवढ्यावर जाऊ नका, याच्याखाली तुम्ही दोन रेघा मारल्यात. ती खूण फक्त वरच्या पातळीची. आतले फोल्डर वेगळेच असू शकतात. म्हणून फोल्डरचं 'साइझ' आणि 'साइझ ऑन डिस्क' ताडून पाहायचं. एरवी दुसरा आकडा थोडा मोठाच असतो. बराच लहान दिसला तर संशय घ्यायचा. (वनड्राइव्हच्या फक्त ऑनलाइन असलेल्या फाइलींतही तो शून्य दिसतो, तो भाग निराळा.) सगळ्या ड्राइव्हचा हिशोब हवा तर कमांड प्रॉम्प्टमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) ड्राइव्हच्या सगळ्यात वरच्या पातळीवर जाऊन 'कॉम्पॅक्ट', पुढे स्लॅश एस टाइप करायचं, किती फाइली दाबलेल्या आणि किती नाहीत, ते शेवटी येतं. विंडोज १० मध्ये अशा फाइलींच्या आयकॉनवर दोन निळे बाणही दिसतात. चौकोनच नसेल तर ड्राइव्ह एनटीएफएस (विंडोजची फाइली साठवायची एक पद्धत) नाही, किंवा क्लस्टर (डिस्कवर जागा वाटायचा सगळ्यात लहान तुकडा) ४ केबीपेक्षा मोठा आहे.

आणि खूण काढण्याआधी रिकामी जागा मोजा, हेही तुम्हीच बजावलंत. उलगडलेल्या फाइली फुगतात आणि काम अर्ध्यात थांबतं.

गिऱ्हाईक पुन्हा यायची गरज पडू नये म्हणून कागद लिहून देणारा दुकानदार आजच्या बाजारात शोधून सापडायचा नाही. नवी डिस्क खपवणं किती सोपं होतं! वाचनालयाच्या सगळ्या सभासदांकडून मनापासून आभार. पुढेमागे एसएसडी घ्यायची झाली तर ती तुमच्याकडूनच.