गिटारची भुणभुण आणि तांब्याची पट्टी

महोदय,

इलेक्ट्रिक गिटार आणि बेस दुरुस्त करणे हा माझा व्यवसाय. ‘फार भुणभुणते’ म्हणून वाद्य घेऊन येणारे बरेच जण नवे, महागडे पिकअप (तारांचे कंपन टिपणारी, चुंबक आणि वेटोळ्याची डबी) बसवायचे ठरवूनच येतात. त्यांना मी आधी एवढेच सांगतो, की अॅम्प चालू ठेवा आणि तारांवर हात ठेवून बघा. हात ठेवताच आवाज दबला, तर तारांना ग्राउंडशी जोडणारी वायर शाबूत आहे; उणीव आहे ती उपद्रव अडवणाऱ्या आतल्या कवचाची. ट्यूबलाइट, डिमर, भिंतीतले वायरिंग यांचा उपद्रव वादकाच्या अंगातून आतल्या उघड्या वायरींपर्यंत पोहोचतो. तारांना हात लागला की अंगच ग्राउंड होते आणि तो थांबतो.

यावरचा इलाज स्वस्त आहे. पिकअप आणि पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या बटणांखालचे भाग) बसतात ती पोकळी तळापासून काठापर्यंत तांब्याच्या चिकटपट्टीने मढवायची. पट्टीचा डिंकही वीज वाहणारा असला तर उत्तम. नसला तर प्रत्येक जोडावर सोल्डरचा ठिपका द्यावा. पट्टी काठावरून थोडी बाहेर दुमडली, की पिकगार्डच्या, म्हणजे पोकळीवरच्या झाकणाच्या, मागे लावलेली पट्टी तिच्यावर टेकते आणि डबी बंद होते. मग मल्टिमीटरचे एक टोक पट्टीवर, दुसरे पॉटच्या पाठीवर. सगळ्या कोपऱ्यांत बीप आलीच पाहिजे, कारण ग्राउंडला न जोडलेली पट्टी काहीच काम करत नाही. स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियम फॉइलही चालते, पण तिच्यावर साधे सोल्डर धरत नाही, म्हणून वायर स्क्रूखाली दाबून घ्यावी. जॅकची सिग्नलची पाती ज्या भिंतीजवळ येते तिथे इन्सुलेशन टेप लावायला विसरू नये. केबलचा प्लग जॅकमध्ये घालताच ती पाती पट्टीला टेकली, तर गिटार साफ मुकी होते आणि घाबरून लोक सगळे काम उखडून काढतात.

वाद्य हातात धरून जागच्या जागी फिरल्यावर घरघर कमी-जास्त होत असेल, तर ती ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्राची. ५० किंवा ६० हर्ट्झच्या त्या घरघरीला पातळ तांबे अडवू शकत नाही, हे विक्रेत्यांनी गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायला हवे. तिथे एकमेकांच्या उलट गुंडाळलेल्या आणि उलट चुंबकांच्या दोन वेटोळ्यांची जोडीच लागते, म्हणजे दोघांतली घरघर एकमेकींना मारते. गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये हमबकर या दोन वेटोळ्यांच्या पिकअपच्या पेटंटसाठी अर्ज केला तो याच तत्त्वावर. दोन पिकअपच्या जॅझ बेस या गिटारवर दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडले की घरघर जाते, तेही यामुळेच.

एका गोष्टीबद्दल मात्र कळकळीची विनंती. आवाज जावा म्हणून काही जण अॅम्पच्या प्लगची अर्थ पिन काढून टाकतात. अॅम्पमध्ये बिघाड होऊन त्याच्या धातूच्या सांगाड्यात करंट उतरला, तर तो केबलमधून थेट तारांवर येतो. त्याच वेळी ओठ अर्थ केलेल्या माइकला लागलेले असले तर जिवावर बेतू शकते. अशी पिन कापलेली दिसली तर प्लग आधी बदलून घ्या, गिटार नंतर उघडा.

– एक वाद्यदुरुस्ती कारागीर