एक आंबट, दोन गोड

ब्रिजटाउन, बार्बेडोस
12 जून

तीर्थरूप आप्पा आणि आई यांस,
साष्टांग नमस्कार.

आप्पा, गेल्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "तिकडे मळीचं काय करतात गं?" आणि तेवढ्यात तुमच्याकडची लाईट गेली. पोरगी जेवते का, झोपते का हे आईनं विचारायचं आणि मळीचं तुम्ही, ही वाटणी आपल्या घरात जुनीच आहे. उत्तर फोनवर उरकण्यासारखं नव्हतं म्हणून सविस्तर लिहिते. आई, तूही वाच. मधेच पत्र खाली ठेवू नकोस, कारण पुढे दारू आहे.

तर मळीची, म्हणजे साखर काढल्यावर उरणाऱ्या काळ्या पाकाची, इथे रम करतात. तुम्ही म्हणाल, त्यात काय नवीन, आमच्याही डिस्टिलरीत तेच होत होतं. पण ऐका. हे बेट केवढं, तर लांबी जेमतेम 34 किलोमीटर, रुंदी 23. आपल्या एकट्या करवीर तालुक्याहूनही लहान समजा. कधीकाळी यातली जवळजवळ सगळी जमीन उसाखाली होती. आज साखरेचा एकच कारखाना उरलाय, पोर्टव्हेल. त्यामुळे जगभर नावाजलेली रम करणाऱ्या इथल्या डिस्टिलरींना मळी बरीचशी बाहेरच्या देशांतून मागवावी लागते. बार्बेडोसमध्ये मळी आयात! हे कळलं तेव्हा मला आधी तुमचा चेहरा आठवला. मळीचे बी-हेवी, सी-हेवी प्रकार करत तुम्ही कारखान्यात जन्म काढलात. इथे मात्र मळी जहाजातून येते आणि बाटलीतून परत जाते.

उत्तरेकडे सेंट निकोलस ॲबी नावाचा सतराव्या शतकातला वाडा आहे. तिथे वाफेवर चालणारा जुना चरक हंगामात अजून फिरतो. ही मंडळी मळी वापरतच नाहीत. रस आटवून काकवीसारखा पाक करतात आणि तो आंबवून रम काढतात. मी गेले तेव्हा आवारात तोच वास होता. आपल्या गुऱ्हाळावर रसावरचा मळ काढून झाला की काहिलीतून येतो ना, तो. मी दहा मिनिटं तिथेच उभी राहिले. बरोबरच्या बाईंना वाटलं मला चक्कर आली.

पण तुम्हाला खरं सांगायचंय ते यापुढचं. मागच्या महिन्यात मी घरी रम पंच केला. पार्टीबिर्टी नव्हती. कॉलेजातले चौघे आणि शेजारच्या आजी येणार होत्या. इथे पाहुण्याला पंच विचारणं म्हणजे आपल्याकडे चहा टाकण्यासारखंच. कृती कुठे लिहून ठेवावी लागत नाही, कारण ती पोरासोरांनाही पाठ असते: "वन ऑफ सावर, टू ऑफ स्वीट, थ्री ऑफ स्ट्राँग, फोर ऑफ वीक." एक आंबट, दोन गोड, तीन कडक, चार फिकं. मी म्हटलं, यात चुकण्यासारखं काय आहे?

चुकले. एक भाग लिंबाचा रस घेतला, दोन भाग साखर घेतली. साखर म्हणजे डब्यातली, ब्राऊन, कोरडी. थंडगार लिंबूपाण्यात ती विरघळते थोडीच! सगळी तळाशी बसली. पहिला घोट घेणाऱ्याचे डोळे मिटले आणि शेवटच्या घोटाला दाताखाली रेती. आजींनी ग्लास उजेडात धरला, तळ बघितला आणि म्हणाल्या, "हे खालचं कुणी खायचं?" साखर कारखान्याच्या केमिस्टची मुलगी मी, आणि मला विद्राव्यता शिकवली एका ऐंशी वर्षांच्या म्हातारीनं. हे तुम्ही कुणाला सांगू नका.

दुसऱ्या रविवारी आजी स्वतः स्वयंपाकघरात येऊन उभ्या राहिल्या. गोड म्हणजे साखर नव्हे, पाक. साखर आणि पाणी सारखं तोलून घ्यायचं, दालचिनीचा तुकडा आणि दोन लवंगा टाकून एक उकळी आणायची. आई, एकतारीच्या कितीतरी अलीकडे थांबायचं, नुसती साखर विरघळली की गॅस बंद. पाक पूर्ण गार झाल्याशिवाय पुढचं काही करायचं नाही. आंबटासाठी कागदी लिंबं, मोठी पिवळी लेमनं नव्हेत. मग मापं: रस 100 मिली, पाक 200, रम 300 आणि फिकं 400. फिकं म्हणजे पाणी आणि बर्फ. हॉटेलांत त्याऐवजी संत्र्याचा नाहीतर अननसाचा रस घालून लालपिवळं करून देतात, वर छत्री खोचतात. आजींनी त्याबद्दल जो शब्द वापरला तो पत्रात लिहिण्यासारखा नाही. रम मात्र पिंपात मुरलेली, तपकिरी. इथे अमेरिकेतल्या बर्बन व्हिस्कीची रिकामी ओक पिंपं आणतात. भट्टीतून उतरलेली धार पाण्यासारखीच असते, रंग येतो तो लाकडाचा.

सगळं ढवळून भांडं तासभर झाकून ठेवायचं. मग वर कडवटाचे चार थेंब. हे अँगोस्टुरा बिटर्स म्हणजे इवलीशी बाटली आणि तिच्या अंगापेक्षा मोठं लेबल, मापाचा नसलेला सदरा घातलेल्या पोरासारखं. 1824 मध्ये व्हेनेझुएलातल्या अँगोस्टुरा गावी झीगर्ट नावाच्या जर्मन डॉक्टरानं पोटासाठी औषध म्हणून केलं, आता ते शेजारच्या त्रिनिदादमध्ये बनतं. मी बूच उघडून वास घेतला तर थेट आपलं फडताळ! आई, तू मला लहानपणी झोपताना दोन चमचे द्राक्षासव द्यायचीस. त्यातही आंबवून आपोआप तयार झालेला अल्कोहोल असतो, हे आप्पांना माहीत होतं आणि ते गप्प बसायचे. तेव्हा दारूची सुरुवात कुणी करून दिली याचा हिशोब एकदा होऊन जाऊ दे.

आणि सगळ्यात शेवटी जायफळ, किसणीवर, थेट ग्लासावर. ग्रेनाडाचं. त्या देशाच्या झेंड्यावरच जायफळ आहे. श्रीखंडात घालतेस तेच. त्याचा वास नाकात गेला आणि मी बोटं मोजायला लागले. आंबट, गोड, कडक, फिकं. चार. आणि हा मसाला, पाच. पद्यात चारच आहेत, पाचवं न मोजता येतं.

पंच. पाच!

मग दोन दिवस मी लायब्ररीत बसले. जॉन फ्रायर नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर 1670 च्या दशकात आपल्या किनाऱ्यावर होता. मुंबई-सुरत तर केलंच, घाट चढून जुन्नरपर्यंत गेला. म्हणजे शिवाजी महाराजांच्या हयातीतलाच काळ. त्याचं पुस्तक 1698 मध्ये छापलं गेलं. त्यात तो लिहितो की गोव्याजवळच्या नेरूळला उत्तम अरक मिळतो (बारदेशातलं नेरूळ, दादाच्या नव्या मुंबईतलं नव्हे) आणि त्यापासून या किनाऱ्यावरचे इंग्रज 'पाँच' नावाचं पेय करतात, कारण त्यात जिनसा पाच. माणसाला गलितगात्र करणारं पेय, असा शेराही मारलाय. त्याच्याही आधी, 1632 च्या एका कंपनीवाल्याच्या पत्रात पंचचं नाव येतं. काही विद्वान म्हणतात की हा शब्द 'पंचियन' नावाच्या पिंपावरून आला असावा. असू दे. पण मराठीत पाच, कोकणीत पांच, हिंदीत पाँच, आणि फ्रायर स्वतः त्या किनाऱ्यावर उभा राहून सांगतोय. माझं मत मी देऊन टाकलंय. आई, मी पंचामृताचं नाव काढणार होते, पण तू देव मध्ये आणू नकोस म्हणशील, म्हणून नाही काढलं.

आपल्याकडच्या पंचात माडाचा अरक होता. खलाशांबरोबर ही चाल जगभर गेली आणि जिथे जी दारू तिथे ती पडली. इथे रम होती. ती कशी आली ते मात्र लिहायला जड जातं.

1640 च्या दशकात इंग्रज मळेवाल्यांनी इथे तंबाखू-कापूस सोडून ऊस लावला. रस तांब्याच्या काहिलींत ओळीनं आटवायचा, आटून घट्ट झालेली राब तळाला भोक असलेल्या मातीच्या मडक्यांत ओतायची, साखर वर राहायची आणि मळी खाली ठिबकायची. या मळीचं करायचं काय, हा तुमचाच प्रश्न तेव्हाही होता. ती आंबते हे लक्षात आलं आणि भट्ट्या लागल्या. 1651 च्या एका नोंदीत या दारूला 'रंबुलियन ऊर्फ किल-डेव्हिल' म्हटलंय, म्हणजे सैतानालाही मारील अशी, आणि पुढे वर्णन आहे: जळजळीत, नरकासारखी, भयंकर. ऊस तोडणारे, चरकात घालणारे, चुलवाणाला चिपाड सारणारे सगळे आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम. चरकात हात अडकला तर तो तोडायला बाजूला कुऱ्हाड ठेवलेली असायची. तयार झालेली रम परत आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जायची आणि तिच्या बदल्यात आणखी माणसं विकत घेतली जायची. क्राइस्ट चर्च भागात न्यूटन मळ्याची दफनभूमी आहे. पाचशेहून जास्त गुलाम तिथे पुरलेत. नुसतं गवत आहे, कुणाच्या नावाचा दगड नाही. आजींबरोबर गेले होते. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त चपला काढल्या. मीही काढल्या.

परत येताना एक गंमत डोक्यात आली, गंमत म्हणावी का कळत नाही. पंचातला ऊस मूळचा इथला नाही, कोलंबस 1493 च्या सफरीत कॅरिबियनमध्ये घेऊन आला. कागदी लिंबू आशियातलं. जायफळ इंडोनेशियाकडच्या बांदा बेटांवरचं. शब्द, माझ्या मते, आपल्या किनाऱ्याचा. इथलं असं काय, तर पाणी. आणि कडक जे आहे ते ज्यांनी काढलं त्यांना इथे बांधून आणलं होतं.

आप्पा, आता तुम्ही रागावाल, पण लिहितेच. इथल्या संग्रहालयात ऊस तोडायचं जुनं हत्यार बघितलं तेव्हा मला आपल्या फडावरची पालं आठवली. बीडकडून आलेली जोडपी. तुमच्या कारखान्याच्या कागदावर नवरा-बायको मिळून 'एक कोयता' लिहायचे. लहानपणी मला वाटायचं कोयता हे त्यांचं आडनाव आहे. गुलामी आणि मुकादमाची आगाऊ उचल एक नव्हे, ते मला कळतं. तुम्ही मुकादमाशी भांडून कुणाचं बाळंतपण दवाखान्यात करवलंत तेही मला माहीत आहे. पण दोन माणसांचं नाव हत्याराचं, हे तेव्हा आपल्यापैकी कुणालाच खटकलं नाही, ते आता इतक्या लांबून खटकतं.

असो. रविवारचं सांगते. पंच या वेळी जमला. आजींनी एक ग्लास घेतला, दुसरा मागितला, म्हणजे पास. मग मला कोपऱ्यावरच्या रम शॉपवर घेऊन गेल्या. रम शॉप म्हणजे बार नव्हे. आपल्या गावातलं किराणा दुकान, पारावरचा कट्टा आणि ग्रामपंचायत एका खोलीत कोंबा, झालं रम शॉप. पाव, डबाबंद मांस, साबण, रमच्या चपट्या बाटल्या आणि टेबलावर डॉमिनो. सोंगटी ठेवत नाहीत, आपटतात. मी भारतातली म्हटल्यावर एका आजोबांनी विचारलं, "गावस्करच्या गावची?" 1971 च्या मालिकेत तो इथे केन्सिंग्टन ओव्हलवर नाबाद 117 करून गेला, ते यांना अजून डाचतंय. तुम्ही ट्रान्झिस्टर कानाला लावून बसायचात ते मी सांगितलं. 2024 च्या 29 जूनला त्याच मैदानावर रोहितनं विश्वचषक उचलला तेव्हा तुम्ही मला रात्री तीनदा फोन केलात, तेही सांगितलं. त्यांनी तुमच्या नावानं एक घोट घेतला. तुम्हाला चालत नसेल तर धरू नका.

आता इथे क्रॉप ओव्हरची तयारी सुरू होईल. ऊस संपल्याचा सण, आपल्या गळीत हंगामाच्या सांगतेसारखा, फक्त इथे भाषणं नसतात आणि लोक ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी रस्त्यावर दिवसभर नाचतात. दादा तेव्हा येतोय. त्याच्याबरोबर आपल्या गुऱ्हाळाची काकवी पाठव आई, एक बाटली पुरे, झाकणावर मेण लाव. आजींना साखरेच्या पाकाऐवजी ती घालून बघायची आहे. चर्चच्या बायकांसाठी त्या 'तीन कडक' वगळून आल्याचा रस घालतात. तेवढं तूही कर, जायफळ विसरू नकोस. लिंबू सरबतच होईल, पण आप्पांना पंच म्हणून दे.

आप्पा, एक काम. माझी रम 43 टक्के होती. 300 मिलीत 129 मिली अल्कोहोल, एकूण एक लिटर, म्हणजे 12.9 टक्के धरलं, साधारण वाइनइतकं. पण 400 पैकी निम्मा बर्फ होता आणि तासाभरात सगळा वितळला नव्हता. मग पहिल्या ग्लासाचे टक्के किती आणि शेवटच्याचे किती? वहीत सोडवून फोटो पाठवा.

तुमची,
सुमी